पूर्वजन्माचा हिशेब आणि रोकडा धर्म

सहा महिन्यांचं लेकरू मान धरत नाही, हे डॉक्टरांच्या आधी आजीच्या ध्यानात येतं. मग अमरावतीचं इर्विन नाहीतर अकोल्याचं सर्वोपचार, तिथून नागपूरचं मेडिकल, तपासण्या, चिठ्ठ्या, आणि शेवटी ‘सेरेब्रल पाल्सी’ लिहिलेला कागद. यात महिने जातात. कारण मात्र घरात त्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. ‘मांगल्या जल्माचं काही असन माय,’ शेजारीण म्हणते. बाई वाईट नसते. तिला मनापासून कळवळा आलेला असतो, आणि कळवळ्याला शब्द हवेत म्हणून परंपरेने हाताशी ठेवलेले शब्द ती वापरते. आईच्या पदरात त्या दिवशी लेकराबरोबर आरोपही पडतो.

दुःखाच्या घरात धर्म दोन वाटांनी शिरतो. एका वाटेने तो ‘असं का झालं’ याचं उत्तर घेऊन येतो. दुसऱ्या वाटेने ‘आता काय करायचं’ असं विचारत येतो आणि बाह्या सरसावतो. वऱ्हाडात दोन्ही वाटा मळलेल्या आहेत. पारायणं, सप्ते, पालख्या, महाप्रसाद यांचा हा मुलूख, आणि हातात खराटा घेऊन फिरणाऱ्या गाडगेबाबांचाही हाच मुलूख. म्हणून अपंग लेकराच्या घरी श्रद्धावान माणसाने नेमकं काय करावं, हा प्रश्न अमरावती-अकोल्यात विचारावा हेच बरं.

पहिल्या वाटेला उगाच हसण्यात अर्थ नाही. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने, जगातल्या धर्मांनी दुःखाची जी स्पष्टीकरणं दिली त्यांत कर्मसिद्धान्त तर्काला सर्वांत पक्का मानला होता. निरपराध बालकाने का भोगावं, या प्रश्नापुढे दयाळू आणि सर्वशक्तिमान देव मानणारे धर्म अडखळतात. कर्मवाद अडखळत नाही, त्याच्याकडे मागच्या जन्मांची वही असते. अडचण अशी की ती वही कोणीच वाचलेली नसते, आणि तरी प्रत्येक जण तिच्यातलं पान उघडून दाखवतो.

शिवाय हा सिद्धान्त लोक अर्धाच सांगतात. शास्त्राने कर्माचे तीन भाग केले: साठलेलं ते संचित, त्यातलं फळाला आलेलं ते प्रारब्ध, आणि आता या घडीला आपण करतो आहोत ते क्रियमाण. भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यांनाही हे पाठ असतं. पण लेकराच्या घरी गेल्यावर चर्चा होते ती फक्त प्रारब्धाची, तीही दुसऱ्याच्या. वास्तविक त्या लेकराचं प्रारब्ध हा शेजाऱ्याच्या अखत्यारीतला विषयच नाही. शेजाऱ्याच्या हातात त्याचं स्वतःचं क्रियमाण आहे: तो त्या घरी थांबतो की नाही, ओझं उचलतो की नाही. कर्मसिद्धान्त अगदी शब्दशः मानला तरी निघणारा निष्कर्ष हाच आहे. तो गैरसोयीचा आहे, म्हणून मागे पडतो.

महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. आठ ठिकाणी वाकडा जन्मलेला हा मुलगा. का वाकडा? तर गर्भात असताना त्याने बापाच्या वेदपठणातली चूक दाखवली, बाप कहोड चिडला आणि त्याने पोटातल्या मुलाला शाप दिला. पूर्वजन्माचा इथे संबंध नाही, मुलाच्या पापाचा तर नाहीच. होता तो बापाचा तापट स्वभाव. पुढे त्याच मुलाने जनकाच्या दरबारात वाद जिंकून पाण्यात बुडवल्या गेलेल्या बापाला परत आणलं. ही कथा सांगणारे कीर्तनकार पुष्कळ आहेत. ज्या घरात सून ‘वाईट पायगुणाची’ ठरवली जाते त्या घरात ही कथा कोणी सांगत असेल, तर त्याला दंडवत घालावा.

इतर परंपरांनाही हा प्रश्न टळलेला नाही. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून येशूला विचारतात की पाप याचं की याच्या आईबापांचं. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. कुराणातला ऐंशीवा सूरा सुरू होतो तोच एका आंधळ्या माणसाच्या प्रसंगाने: मक्केतल्या बड्या असामींशी बोलणं चालू असताना अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम हा अंध मनुष्य मध्ये आला, प्रेषितांच्या कपाळाला आठी पडली, आणि त्या आठीबद्दल ईश्वराने खुद्द प्रेषितांना कानपिचकी दिली. हाच अब्दुल्ला पुढे मदिनेत अजान देऊ लागला. आणि बुद्धाकडे तर सीवक नावाच्या परिव्राजकाने सरळ विचारलं होतं की माणूस भोगतो ते सगळं पूर्वकर्माचंच का. बुद्धाने नाही म्हटलं. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, अपघात अशी कारणं मोजून कर्म हे आठांतलं एक, असा त्याचा हिशेब आहे. अकोला आणि अमरावतीतल्या बौद्ध वस्त्यांत ‘मांगल्या जल्माचं’ हे शब्द ऐकू येतात तेव्हा हे संयुक्त निकायातलं सुत्त मुद्दाम वाचायला हवं. पूर्वजन्मीच्या कर्मावर आजची दुरवस्था लादण्याला डॉ. आंबेडकरांचाही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये ठाम विरोध आहे.

आजच्या यादीत बुद्धाच्या त्या सात इतर कारणांची जागा वेगळ्या नावांनी घेतली आहे. दिवस भरण्याआधी जन्म, जन्मल्यावर उशिरा रडणं, नवजात बाळाची हाताबाहेर गेलेली कावीळ, मेंदूज्वर, जवळच्या नात्यातली लग्नं. विदर्भाला सतावणारा सिकलसेल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे.

कुष्ठरोगाकडे पाहावं. तोही पूर्वपापाचंच फळ मानला जाई, अपंग लेकरापेक्षाही जास्त. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन सुरू केलं तेव्हा या रोगाच्या माणसाला गावाबाहेर काढणं ही रीत होती. मग डॅप्सोन आलं, १९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, रोग बरा होऊ लागला, आणि पाप हळूहळू पातळ झालं. जिथे औषध पोचतं तिथून पूर्वजन्म काढता पाय घेतो. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी यांना गोळी नाही. म्हणून तिथे तो अजून ठाण मांडून बसला आहे.

आणि अशा मुलांना वगळण्याला कायद्याचाही आधार होता, हे विसरून चालत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरा, वेडा, जड, मुका यांना वडिलोपार्जित संपत्तीत वाटा नाही असं सांगितलं आहे. लगेच पुढे वारसांनी त्यांना यथाशक्ती अन्नवस्त्र द्यावं अशी आज्ञा आहे. म्हणजे पोटाला भाकरी मिळेल, पण हिस्सा नाही. ही व्यवस्था ब्रिटिश न्यायालयांनीही चालू ठेवली. १९२८च्या कायद्याने आंधळ्या-बहिऱ्यांचा वाटा परत दिला, जन्मजात मतिमंदांना मात्र तेव्हाही बाहेरच ठेवलं. त्यांना १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याची वाट पाहावी लागली. दया आणि हक्क यांच्यामधलं अंतर ओलांडायला असा वेळ लागला, आणि वहिवाटीत ते अजून पुरतं ओलांडलेलं नाही. शेताच्या वाटणीत ‘त्याला काय कळते’ म्हणून ज्या भावाचं नाव गळतं, तो कोण असतो हे तलाठ्याला विचारावं.

मुलाला पापी ठरवणं जसं वाईट, तसंच त्याला देव ठरवणंही. वऱ्हाडात दोन्ही घडतं. बोलू न शकणाऱ्या, स्वतःत हरवलेल्या मुलाला ‘अवलिया’ म्हणून हार घालायचे, त्याच्यासमोर आकडे विचारायचे, पैसे ठेवायचे. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मंदबुद्धी व्यक्तीत अतींद्रिय शक्ती आहे असं भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणं हा स्वतंत्र गुन्हा लिहिला आहे. कायदा करणाऱ्यांना तो लिहावासा वाटला, यातच सगळं आलं. शेगावात १८७८ मध्ये उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना दिसलेल्या गजानन महाराजांना लोकांनी आधी वेडा ठरवलं होतं. त्या आठवणीचा धाक म्हणा, वऱ्हाडी माणूस पिशाला सहसा हिडीसफिडीस करत नाही. चांगलंच आहे. पण प्रत्येक मतिमंद मूल संत नसतं. बहुतेकांना फक्त वेळेवर जेवण, आंघोळ, फिजिओथेरपी आणि शाळा हवी असते.

या सगळ्या गोंधळात गाडगेबाबा मोठे वाटतात ते त्यांच्या रोखठोकपणामुळे. २३ फेब्रुवारी १८७६ ला अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात जन्मलेला, आजच्या अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर १ फेब्रुवारी १९०५ ला घर सोडून निघाला. पुढची पन्नास वर्षं तो देवळात शिरण्याऐवजी देवळाबाहेरचं आवार झाडत राहिला. पूर्णाकाठी ऋणमोचनला पौषात यात्रा भरते. तिथे त्यांनी घाट बांधला आणि आंधळ्या-पांगळ्यांना पोटभर जेवू घालण्याचा पायंडा पाडला. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न, बेघरांना आसरा यांच्या ओळीत अंध, पंगू आणि रोगी यांना औषधोपचार हेही कलम आहे, आणि या सगळ्याला त्यांनी रोकडा धर्म म्हटलं. उधारीचा नव्हे, म्हणजे फळ पुढच्या जन्मी मिळेल या बोलीवर केलेला नव्हे.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसली होती, जी पुष्कळ दानशूरांना दिसत नाही. आजारी माणसाबरोबर कोणीतरी आलेलं असतं. मुंबईत जे.जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा उभारली ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. वऱ्हाडातून गेलेला बाप फुटपाथवर झोपू नये, एवढा साधा विचार. आजही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयात आलेल्या रुग्णांची बिऱ्हाडं असतात. सेवा रुग्णाची करायची तर त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला वगळून चालत नाही, हे धर्मशाळेच्या विटांतून सांगणारा हा अशिक्षित माणूस आजच्या ‘केअरगिव्हर’विषयीच्या परिसंवादांच्या बराच पुढे होता.

अमरावती जिल्ह्यानेच दुसरं उदाहरण दिलं आहे, उलट दिशेचं. गुलाबराव महाराज. जन्म १८८१, वर्षाचे व्हायच्या आत दृष्टी गेली, चार वर्षांचे असताना आई गेली. आजीने वाढवलेला हा माधानचा मुलगा चौतीस वर्षं जगला आणि शंभराहून अधिक ग्रंथ सांगून गेला. सांगून, कारण हाताने लिहिणं शक्य नव्हतं. कोणीतरी वाचून दाखवत होतं, कोणीतरी लिहून घेत होतं. वेदान्त, संगीत, आयुर्वेद, पाश्चात्त्य विचारांचं खंडन, काय नाही त्यात. इथे सेवा करणारा कोण आणि घेणारा कोण? वाचून दाखवणाऱ्याला आपण आंधळ्यावर उपकार करतो आहोत असं वाटलं असेल, हे संभवत नाही. त्याला वाटत होतं की आपण शिकतो आहोत. प्रत्येक अपंग मुलात गुलाबराव महाराज दडलेले असतात असं म्हणणं खोटं आणि आईबापांवर नवं ओझं टाकणारं आहे. पण मदतीचा हात लागणं म्हणजे कमीपणा नव्हे, एवढं तरी या जिल्ह्याला वेगळं समजावून सांगायला नको.

परतवाड्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला वझ्झर आहे. तिथल्या अंबादासपंत वैद्य यांच्या नावाच्या बालगृहात राहणाऱ्या मुलांच्या आधार कार्डावर बापाचं नाव एकच असतं: शंकरबाबा पापळकर. अंबादासपंत म्हणजे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या संस्थापक बंधूंपैकी एक. आणि शंकरबाबा म्हणजे गाडगेबाबांच्या विचारांचे, ‘देवकीनंदन गोपाला’ नावाचं नियतकालिक चालवलेले पत्रकार. ते नाव कुठून आलं, हे गाडगेबाबांचं कीर्तन ज्यांनी आजोबांकडून ऐकलं त्यांना सांगायला नको. रेल्वे स्टेशनवर, कचराकुंडीत, बसस्टँडवर टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर, अंध मुलं पोलिस आणि बालकल्याण समित्यांमार्फत राज्यभरातून इथे आली. आज ती सव्वाशेच्या आसपास आहेत, बरीचशी आता मुलं राहिलेली नाहीत. त्यांनी लावलेल्या हजारो झाडांनी उजाड टेकडी हिरवी झाली. त्यांतल्या एका अंध मुलीने ब्रेल शिकून, अमरावतीत पदव्युत्तर शिक्षण घेऊन २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा काढली. त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री मिळाली.

इथल्या मुलींची लग्नंही होतात. २०२० च्या डिसेंबरात नागपुरात झालेल्या एका मूकबधिर जोडप्याच्या लग्नात तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी कन्यादान केलं आणि जिल्हाधिकारी रवींद्र ठाकरे वरपित्याच्या जागी उभे राहिले. कन्यादानाच्या विधीवर आक्षेप घेणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी ज्या मुलीला जन्मदात्यांनी टाकलं तिच्यासाठी सरकारच मांडवात बापाच्या जागी बसतं, हे दृश्य विधीचा अर्थ थोडा हलवतं.

पण शंकरबाबांचं खरं भांडण वेगळं आहे. बाल न्याय कायद्यानुसार बालगृहातला मुक्काम अठराव्या वर्षी संपतो. पुढे साधारणपणे एकविसाव्यापर्यंत नंतरची देखभाल. धडधाकट मुलाचंही त्या वयात कठीणच असतं. तीन वर्षांच्या मुलाइतकी समज असलेल्या बेवारस मुलीने अठराव्या वाढदिवसानंतर कुठे जायचं? अशा मुलांना आजन्म राहू देणारा कायदा करा, ही त्यांची मागणी ते तीस वर्षं करत आले आहेत. पुरस्काराच्या बातम्या पहिल्या पानावर आल्या, ही मागणी आतल्या पानावर राहिली.

हाच प्रश्न आईबाप असलेल्या घरातही असतो, फक्त तो अठराव्या वर्षी येत नाही. तो रोज रात्री येतो. ‘आमच्या मांगं ह्याचं कसं होईन?’ या घरांतल्या माणसांशी बोलताना दोन वाक्यांआड हे वाक्य येतं. वझ्झरला पोचलेलं प्रत्येक मूल हे कुठल्या तरी घराच्या उंबऱ्यावर हा प्रश्न एकट्याने न पेलल्याचा परिणाम आहे. टाकणाऱ्या आईला शिव्या घालणं सोपं. तिच्या घरी तेव्हा कोण गेलं होतं, आणि गेलं असेल तर काय बोललं होतं, हे विचारणं अवघड.

सध्या जे जातात ते बहुतेक फळं घेऊन जातात. पुढाऱ्याचा वाढदिवस, महाराजांची पुण्यतिथी, रोटरीचा सप्ताह: मतिमंद शाळेत केळीवाटप, मागे फ्लेक्स, पुढे फोटो. मुलांना एका महिन्यात चार वाढदिवसांचे केक मिळतात आणि नंतर दोन महिने कोणी फिरकत नाही. यात खोटेपणा असतोच असं नाही. पण ही सेवा करणाऱ्याच्या पुण्याभोवती फिरते, आणि मूल त्या पुण्याचं साधन बनतं. गीतेतला निष्काम कर्माचा उपदेश फळवाटपाच्या फळालाही लागू असावा.

घराची गरज वेगळी आणि बरीच नीरस असते. मुलाला भरवायला एकेका वेळेला तास लागतो. बारा वर्षांचा, वजनदार झालेला मुलगा आईला उचलवत नाही. दिव्यांग ओळखपत्रासाठी ठरलेल्या वारी रुग्णालयाच्या रांगेत उभं राहायचं असतं, ऑनलाइन अर्ज भरायचा असतो, मंजुरीची चौकशी करत फिरायचं असतं. धाकट्या बहिणीच्या अभ्यासाकडे कोणाचंच लक्ष नसतं. आणि आई कित्येक वर्षांत हळदीकुंकवाला, लग्नाला, देवदर्शनाला एकटी गेलेली नसते. दोन तास कोणी विश्वासाचं माणूस लेकराजवळ बसलं, तर ती जाऊ शकते. महाप्रसादाचा भात नेऊन देण्यापेक्षा हे दोन तास मौल्यवान आहेत, आणि ते देणं अवघडही आहे, कारण त्याचा फोटो निघत नाही.

वऱ्हाडात माणसांची कमतरता आहे असं म्हणायला जागा नाही. शेगावला जाऊन पाहावं. गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीने येतात, पांढऱ्या कपड्यांत, बिनपगारी, कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी डॉक्टर. चपला सांभाळतात, फरशी पुसतात, रांग लावतात, ‘माउली’ म्हणत बोलतात. सेवेची पाळी मिळावी म्हणून लोक थांबून असतात. संस्थानचे विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटलांनी घालून दिलेली ही शिस्त देशभर वाखाणली गेली. संस्थान मतिमंद मुलांची शाळाही चालवतं. पालखी पंढरपूरला निघते तेव्हा पारस, गायगाव, अकोला अशी वाटेतली गावं वारकऱ्यांसाठी दारं उघडतात. इतकी माणसं, इतकी तयारी. यातली एक पाळी देवळाऐवजी आपल्याच गल्लीतल्या त्या घरात लागली तर? महाराजांना चालणार नाही, असं कोणता भक्त म्हणेल?

असा प्रयोग जगात झालेला आहे. फ्रान्समध्ये एका जोडप्याला दोन मतिमंद मुलगे होते. लूर्दच्या तीर्थयात्रेत मुलांना घ्यायला लोक राजी झाले नाहीत. ते स्वतःच गेले, तर हॉटेलवाल्याने त्यांना जेवण खोलीतच घ्यायला लावलं, इतर भाविकांना त्रास नको म्हणून. त्या अपमानातून १९७१ च्या ईस्टरला खास अशा कुटुंबांसाठीची यात्रा निघाली आणि सुमारे बारा हजार माणसं आली. ‘फेथ अँड लाइट’ ही चळवळ तिथून सुरू झाली. पद्धत साधी: अपंग मुलं-माणसं, त्यांचे आईबाप आणि काही मित्र, बहुतेक तरुण, असा तिसेक जणांचा गट महिन्यातून एकदा भेटतो, जेवतो, प्रार्थना करतो, आणि मधल्या दिवसांत एकमेकांच्या घरी जातो. इमारत नाही, देणगीची पाटी नाही.

त्या चळवळीचे एक संस्थापक जाँ व्हानिए यांना लोक जिवंतपणी संत म्हणत. २०१९ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्याच ‘लार्श’ संस्थेने चौकशी करून जाहीर केलं की अध्यात्माच्या नावाखाली त्यांनी किमान सहा स्त्रियांचं शोषण केलं होतं. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या, पण म्हणून गोष्ट हलकी होत नाही. संस्थेने ते लपवलं नाही, आणि गट चालू राहिले, कारण ते एका माणसाच्या वलयावर उभे नव्हते. ज्याला स्वतःची तक्रार सांगता येत नाही अशा मुलाजवळ कोणाला जाऊ द्यायचं, हे ठरवताना भगवी कफनी, पांढरी टोपी किंवा गळ्यातला क्रूस हा पुरावा धरू नये. ओळख, नोंद, दोघांनी मिळून जाणं, आईबापांना नाही म्हणायचा पूर्ण अधिकार, एवढं किमान हवं. श्रद्धेने हे जाचक मानू नये.

सेवेने हक्काची जागा घ्यावी, असंही नाही. जून २०२५ मध्ये माजी आमदार बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला, तुकडोजी महाराजांच्या समाधीस्थळी उपोषणाला बसले तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना महिना सहा हजार मानधनाची मागणी त्यांनी लावून धरली. राज्याने त्या सप्टेंबरात दीड हजाराचे अडीच हजार केले. राजकारणाबद्दल ज्याचं त्याने ठरवावं, पण ग्रामगीता लिहिणाऱ्याच्या दारात ही मागणी झाली हे ठीकच झालं. मंदिराने पेन्शनची बरोबरी करायची नसते. ती मिळवून द्यायला, कागद पुरे करायला, दर महिन्याला बँकेत न्यायला माणूस द्यायचा असतो. धर्म आणि हक्क यांची गाठ तिथेच बसते.

आणि ‘आमच्या मांगं कसं’ या प्रश्नाला निदान एक कागदी उत्तर आहे, जे बहुतेक घरांना माहीत नसतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या, अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. त्याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विमाकवच मिळतं. २३ फेब्रुवारी २०२६ ही गाडगेबाबांच्या जन्माला दीडशे वर्षं पूर्ण होण्याची तारीख. त्यांच्या नावाने मिरवणुका, कीर्तनं, स्वच्छता मोहिमा करणाऱ्या अमरावती-अकोल्यातल्या मंडळांनी आपल्या प्रभागात, आपल्या गावात अशी घरं किती आहेत ते अंगणवाडी ताईला आणि आशा ताईला विचारावं, प्रत्येक घरामागे दोन माणसं ठरवावीत, आणि पहिल्या भेटीला जाताना केळी नेऊ नयेत. हे दोन अर्ज न्यावेत.